घर एकीकडे, दुकान एकीकडे

रतन सुरवाडे रोज दुपारी दोन वाजता दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढतो आणि आत त्याच्याबरोबर एक बाई असते, ही बातमी गेल्या मे महिन्यात भांडुपच्या आमच्या रस्त्यावर पसरली. आपोआप नाही पसरली. समोरच्या पोळी-भाजी केंद्रातल्या सुगंधानं ती मला दिली, मी ती शेजारच्या केशकर्तनालयात नेली, आणि तिथून ती दाढी करून, पावडर लावून बाहेर पडली. दोन दिवसांत रिक्षास्टँडपर्यंत पोचली होती.

"काकानू, खरा सांगतंय," सुगंधा पोळी लाटता लाटता म्हणाली होती. "तोंडाक ओढणी, डोळ्यार काळो चष्मो. रिक्षा थंय दवाखान्याकडे सोडता आणि चलत येता. इकडे बघता, तिकडे बघता, आणि सुळकन शटराखालसून आत!"

"वय काय असेल?"

"चाल चाळिशीची आसा."

"चप्पल बघितलीस?"

"बघितलंय तर. बरी होती. मागे पट्टो होतो."

"म्हणजे नोकरीवाली," मी म्हटलं. सुगंधानं मान हलवली. पट्ट्याची चप्पल आणि भर दुपार, एवढ्या पुराव्यावर आम्ही दोघांनी त्या बाईला नोकरी लावली, नवऱ्यापासून वेगळं केलं आणि मुलुंडला एक खोलीही घेऊन दिली.

आता हा रतन कोण, ते सांगतो. समता झेरॉक्स आणि ऑनलाइन सेवा, हे त्याचं दुकान. रुंदी इतकी की दोन गिऱ्हाइकं आत आली तर एकानं श्वास आत घ्यायचा. आत एक झेरॉक्स मशीन, एक स्कॅनर, एक लॅमिनेशनचं मशीन आणि एक कॉम्प्युटर. बाहेर एक बाक, त्यावर निवृत्तीनंतरची माझी नेमणूक. रतन अठ्ठेचाळीस वर्षांचा, अंगानं काडी, कानावर पेन. त्या पेनानं त्याला लिहिताना मी कधी बघितलेला नाही. माणूस इतका सरळ की त्याच्याबद्दल कुजबुजायला वीस वर्षांत काही मिळालं नव्हतं. त्यामुळे मे महिन्यात जे मिळालं ते आम्ही जरा अधाशासारखं खाल्लं, एवढं मान्य करतो.

कॉम्प्युटर एकच, ही त्याच्या आयुष्याची मुख्य अडचण. घरी दुसरा ठेवायला टेबल नव्हतं, आणि टेबल ठेवायला घरात जागा नव्हती. त्यामुळे आख्ख्या रस्त्याची रेशनकार्डं, आधारकार्डं, उत्पन्नाचे दाखले, भाडेकरार ज्या डब्यात, त्याच डब्यात रतनच्या लग्नाचे फोटो, बायकोचे थायरॉइडचे रिपोर्ट, मुलीची आठवीतली चित्रं आणि सहकुटुंब मनोरीच्या सहलीचे शंभर फोटो. गिऱ्हाइकं त्या कॉम्प्युटरला आपलीच ट्रंक समजायची. "रतन, माझं आधार तुझ्याकडे आहे ना रे? असू दे, मी हरवलंय." असं म्हणून माणूस निर्धास्त निघून जायचा.

या खिचडीतून काय काय निघालं, ते विचारू नका. विचारलंच असेल तर सांगतो. सुगंधाच्या खाद्य परवान्याचा अर्ज रतननं भरला, तेव्हा 'व्यवसायाच्या जागेचा फोटो' या रकान्यात रतन स्वतःच अर्ध्या चड्डीत, मनोरीच्या किनाऱ्यावर, हातात सुरमई धरून उभा होता. अर्ज परत आला. शेरा साधाच होता, की कृपया जागेचा फोटो जोडावा. सुगंधा महिनाभर त्याला 'माझी जागा' म्हणून हाक मारत होती. दुसऱ्यांदा, वरच्या गल्लीतल्या हर्षदचा लग्नाचा बायोडेटा छापला, आणि मागं शीतलचा, म्हणजे रतनच्या बायकोचा, थायरॉइडचा रिपोर्ट टाचला गेला. मुलीकडच्यांनी आडून विचारलं, मुलाला काही त्रास आहे का? हर्षदचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. लग्न झालं म्हणा. पुढं थायरॉइड निघाला तो मुलीला.

"पप्पा, घर वेगळं ठेवा, दुकान वेगळं," हे त्याची मुलगी संघमित्रा आठवीपासून सांगत होती. पोरगी हुशार. संध्याकाळी पाचला दुकानात यायची आणि लोकांचे फॉर्म बापापेक्षा भराभर भरायची.

"अगं, माझ्या डोक्यात सगळं वेगळंच आहे," रतन म्हणायचा.

"डोक्याची प्रिंट निघत नाही पप्पा."

शेवटी मागच्या दिवाळीत रतननं मनावर घेतलं. चार दिवस दुकान बंद असल्याची पाटी लावली आणि आत बसून राहिला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर दोन फोल्डर केले. एकाचं नाव घर, दुसऱ्याचं दुकान. नियम एकदम सोपा. कागदावर ज्याचं नाव, त्या नावाच्या खणात तो कागद. सुरवाडे असेल तर घरात. बाकी सगळं दुकानात, आडनावाच्या पहिल्या अक्षरानं लावलेलं. आणि दुसरा नियम, जे गिऱ्हाईक दोन वर्षांत फिरकलं नाही त्याचे कागद कायमचे पुसायचे.

"कायमचे कशाला रे?" मी विचारलं होतं. "पडू देत की."

"नाही काका. लोकांची कागदं आहेत. उद्या माझ्या मशीनमधून कुणाच्या हाती गेली, कुणाच्या नावावर काय काय घेतलं, तर? आपण ठेवायची कशाला?"

चौथ्या दिवशी त्यानं मला बाकावरून उठवून आत नेलं. चेहरा असा, की जणू बारशाला बोलावलंय.

"विचारा. काय पाहिजे ते विचारा."

"तुझ्या लग्नाचा फोटो."

चार सेकंदांत रतन आणि शीतल पांढऱ्या कपड्यांत पडद्यावर हजर. रतनला तेव्हा मिशी होती.

"सुगंधाचा परवाना."

तीन सेकंद.

"झकास!" मी म्हटलं. रतननं कानावरचं पेन काढून परत कानावर ठेवलं. त्या दिवसाइतका खूश मी त्याला कधी बघितला नाही, पुढंही बघेन असं वाटत नाही.

संघमित्राची बारावी झाली. तिला इंजिनिअरिंगला जायचं होतं, आणि तिच्या मार्कांना राखीव जागेवर चांगलं कॉलेज मिळणार होतं. त्यासाठी जातीच्या पडताळणीचं प्रमाणपत्र लागतं. आणि पडताळणीला लागतो घराण्यातल्या कुणाचा तरी पन्नास सालाआधीचा कागद, ज्यावर जात लिहिली आहे. सुरवाड्यांच्या घरात हे प्रमाणपत्र आधी कुणी काढलेलं नव्हतं, कारण त्याची गरज पडेल तिथपर्यंत आधी कुणी पोचलंच नव्हतं. रतनच्या वडिलांचा दाखला पन्नासनंतरचा, त्यावर नुसतं 'बौद्ध' लिहिलेलं. पन्नासच्या आधीचा कागद घरात एकच. रतनच्या आजोबांचा, बुलढाण्याकडच्या गावच्या शाळेतला, सत्तेचाळीस सालचा चौथी पास दाखला.

तो कागद ट्रंकेत तळाशी, बाबासाहेबांच्या फोटोखाली, मलमलच्या रुमालात असायचा. आजोबा गेल्यावर वडिलांकडे, वडील गेल्यावर रतनकडे. पाच वर्षांपूर्वी रतनला वाटलं, घड्यांवर फाटायला लागलाय, लॅमिनेशन करून टाकू. झेरॉक्सवाल्यालाच हे सुचणार! आधी स्कॅन, मग लॅमिनेशन, हा दुकानाचा शिरस्ता, तेवढा त्यानं पाळला. मग कागद मशीनमध्ये घातला. मशीन जास्त तापलं होतं. सत्तर वर्षांचा तो कागद रोलरमध्ये गोळा झाला आणि दुसरीकडून करपलेल्या पापडासारखा बाहेर आला.

शीतल दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी रतन म्हणाला, "अगं, स्कॅन आहे ना. कागद जळतो, स्कॅन थोडाच जळतो?"

हे वाक्य शीतलनं लक्षात ठेवलं. बायका ठेवतात.

तर एप्रिलमध्ये एका संध्याकाळी संघमित्रा दुकानात म्हणाली, "पप्पा, पणजोबांचा दाखला द्या ना. फाइल करायला घेते."

"घर उघड. आबा नावाचं फोल्डर आहे."

तिनं उघडलं. "यात त्यांचा फोटो आहे. काठी घेतलेला. आणि मृत्यूचा दाखला. शाळेचा नाहीये."

"असेल गं. नीट बघ."

"दोनच फाइली आहेत पप्पा. नीट काय बघू?"

रतन तिच्या खांद्यावरून वाकला. दोनच होत्या. "सरक, मी शोधतो," तो म्हणाला. मग म्हणाला, "गिऱ्हाईक आलंय. उद्या देतो."

गिऱ्हाईक कुणी आलेलं नव्हतं. मी होतो बाकावर, आणि मी तर कधीच गिऱ्हाईक नव्हतो.

तो रात्रभर आठवत राहिला आणि सकाळी त्याला आठवलं. दाखल्यावर नाव होतं 'गणू राघो महार'. त्या काळी शाळेत नाव घालताना मास्तर आडनावाच्या जागी जात लिहून मोकळे व्हायचे. सुरवाडे हे आडनाव घरात नंतर आलं, धर्मांतरानंतर, गावावरून घेतलेलं. स्कॅन करताना रतननं दुकानाच्या सवयीनं फाइलला कागदावरचंच नाव दिलं होतं. आणि दिवाळीच्या चौथ्या दिवशी, हजारभर नावं डोळ्यांखालून घातल्यावर, 'म' अक्षराच्या खणात त्याला एक महार गणू राघो दिसला. कोण हा? आठवेना. दोन वर्षांत फिरकलेला नाही. रतननं त्याला पुसून टाकलं.

"काका, मी त्यांना आबाशिवाय कधी हाकच मारली नाही हो," तो नंतर मला म्हणाला. "गणू म्हणजे कोण, ते हाताला कळलंच नाही."

मग सुरू झाली धावपळ. मुलीला काही सांगायचं नाही, हे नवरा-बायकोचं पहिल्या दिवशीच ठरलं. पोरीची सीईटी तोंडावर होती. तिला सांगायचं तरी काय, की तुझी जागा तुझ्या बापानं दिवाळीत साफ केली? ती विचारायची, तेव्हा रतन म्हणायचा, "आहे गं, आहे. जुन्या डिस्कवर आहे."

रतनची बहीण शकु मुलुंडला राहते. तिला कधीतरी तो स्कॅन व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. फोन लावला.

"दादा, तो फोन बादलीत पडला ना रे. मागच्या वर्षी."

"आणि त्यातलं?"

"बादलीतच."

पेन ड्राइव्हवर एक प्रत होती. तो पेन ड्राइव्ह रतननं कुठल्याशा गिऱ्हाइकाला त्याच्या कामासकट देऊन टाकला होता. कुठलं गिऱ्हाईक? त्याची नोंद दुकान फोल्डरात असायला हवी होती. गिऱ्हाईक दोन वर्षांत फिरकलं नव्हतं. पुढचं तुम्हीच समजून घ्या.

रतन गावी जाऊन आला. जाऊन येऊन तीन दिवस. शाळेची जुनी इमारत कधीच पडलेली. तेव्हाची रजिस्टरं भिजून गेली होती. मुख्याध्यापक भला माणूस, त्यानं कपाट उघडून दाखवलं. त्रेपन्न सालापासून सगळं व्यवस्थित होतं. त्रेपन्नचा रतनला काही उपयोग नव्हता. तरी चहा पिऊन, हात जोडून आला. सरकारी ठिकाणी जुनी नोंद सापडते का, म्हणून अर्जही टाकला. शोधून कळवू, असं उत्तर आलं. त्यांच्या शोधण्याला तारीख नव्हती, संघमित्राच्या प्रवेशाला होती.

शेवटी तो कॉम्प्युटरची डिस्क काढून, टॉवेलात गुंडाळून अंधेरीला घेऊन गेला. पुसलेलं परत काढून देणारा तिथं एक माणूस आहे म्हणे.

"पुसल्यावर मशीन वापरलं का?" त्या माणसानं विचारलं.

"रोज. सहा महिने."

"किती काम?"

"आख्ख्या भांडुपचं," रतन म्हणाला.

"अरे यार! मग त्याच्यावर दुसरं लिहिलं गेलं असणार. मिळेल ते मिळेल. एक सांगून ठेवतो, नावं मिळणार नाहीत. फोल्डर मिळणार नाहीत. नुसते फोटो मिळतील, एक, दोन, तीन नंबरनं."

चार दिवसांनी रतनला मिळाले एकतीस हजार फोटो. एकच ढीग. दिवाळीच्या चार दिवसांत त्यानं जे जे वेगळं केलं होतं, ते सगळं पुन्हा एकत्र, आणि आता तर नावंही पुसलेली. कुणाचं रेशनकार्ड, त्याला खेटून मनोरीची सुरमई, तिच्या खाली कुणाच्या सुनेचा सोनोग्राफीचा रिपोर्ट, मग कुणाचं पॅनकार्ड, कुणाचा अर्धाच अंगठा. यात कुठंतरी आबांचा दाखला असला तर असणार होता. कॉम्प्युटरला तो ओळखता येत नव्हता. माणसानं डोळ्यांनी बघत जायचं, एकेक, एकतीस हजार.

सकाळी गिऱ्हाइकं. संध्याकाळी पाचला संघमित्रा. उरली दुपार. लोकांची कागदं पडद्यावर उघडी टाकून बसायचं, तर कुणी डोकावायला नको, म्हणून शटर अर्ध्यावर.

हे सगळं मला आत्ता माहीत आहे. मे महिन्यात मला एवढंच माहीत होतं की शटर अर्ध्यावर आहे आणि आत बाई आहे. तेव्हा मी काय केलं असेल?

"काय रे रतन," मी एकदा पाच वाजता, शटर वर गेल्या गेल्या म्हटलं, "डोळे लाल दिसतायत. दुपारी झोप होत नाही वाटतं?"

रतननं माझ्याकडे बघितलं. "काका, माझी वाट लागलीय, आणि तुम्हाला मजा सुचते."

"अरे, वाट लागायचीच. या वयात झेपत नाही."

तो हसला. आता आठवलं की वाटतं, ते हसू नव्हतं. पण तेव्हा मी ते हसू म्हणूनच सुगंधाला सांगितलं.

सुगंधाला राहवेना. ती मनानं चांगली आहे, फक्त ते मन तोंडात असतं. एका सकाळी शीतल पवईला, तिच्या ऑफिसला निघाली होती. एका कंपनीत ती बिलिंग विभागात आहे. सुगंधानं तिला केंद्रासमोर थांबवलं.

"शीतल, रागवू नकोस हां गो. पण नवऱ्यार जरा लक्ष ठेव. दुपारची एक बाई येता."

शीतलनं ओढणी सारखी केली. "माहितीय मला, सुगंधाताई."

"माहितीय?"

"बाई चांगली आहे," शीतल म्हणाली. "मला आवडते." आणि गेली.

सुगंधानं हातातलं लाटणं खाली ठेवलं. त्या दिवशी तिच्या केंद्रात पोळ्या कमी पडल्या, कारण पोळ्या लाटायला ती जागेवर नव्हतीच. ती रस्ताभर होती. बायकोची संमती आहे! बातमीची दुसरी आवृत्ती पहिलीपेक्षा जोरात खपली. केशकर्तनालयात दोन गट पडले. एक म्हणे शीतलसारखी बायको मिळायला नशीब लागतं. दुसरा म्हणे बिचारीचं काही चालत नसणार, म्हणून तोंडानं असं बोलते. मी दोन्ही गटांत होतो.

बातमी फिरत फिरत संघमित्रापर्यंत जाणार, हे आम्हाला कळायला हवं होतं. या रस्त्यावर कुणी कुणाला काही सांगितलं नाही, असं होत नाही.

एका संध्याकाळी ती आली, पण आत गेली नाही. बाहेरच उभी राहिली. मी बाकावर पेपर वर केला. वाचत नव्हतो.

"पप्पा, दुपारी दुकानात कोण येतं?"

रतन एका म्हातारीच्या पेन्शनच्या फॉर्मवर शिक्का मारत होता. शिक्का तसाच वर राहिला.

"गिऱ्हाईक येतं."

"शटर बंद करून?"

"ऊन येतं आत. स्क्रीन दिसत नाही."

"पप्पा."

"संघु, घरी जा. अभ्यास कर."

"आणि माझा दाखला?"

रतननं शिक्का मारून फॉर्म म्हातारीला दिला. त्याला दोन्ही प्रश्नांचं एकच उत्तर ठाऊक होतं, आणि तेच देता येत नव्हतं. पोरगी निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून पाच वाजता यायची बंद झाली. रतन एकटाच फॉर्म भरायचा, चुकायचा, पुन्हा भरायचा. हर्षद एकदा म्हणाला, "रतनभाऊ, माझ्या बायकोच्या नावापुढे 'श्री' छापलंय." रतन म्हणाला, "असू दे." हर्षद तो कागद तसाच घेऊन गेला.

घरी संघमित्रानं आईला रडत रडत विचारलं. आई म्हणाली, "असू दे गं. माणूस वाईट नाही." संघमित्राला वाटलं, आई हरली. त्या रात्री ती आईच्या कुशीत झोपली आणि बापाकडे पाठ केली. दोन खोल्यांच्या घरात पाठ करणार ती किती, पण केली.

दहाव्या दुपारी दाखला सापडला. सव्वीस हजार चारशे काहीतरी नंबरला. आधी एक छोटा चौकोन दिसला, पिवळट, वर गोल शिक्का. मोठा करून बघितला. शाळेचं नाव आलं. दाखला क्रमांक आला. विद्यार्थ्याचे नाव गणू, वडिलांचे नाव राघो, मास्तरांच्या बोरूच्या वळणदार अक्षरात. आणि त्याच्या खाली राखाडी. एकसारखा, सपाट राखाडी रंग, पानाच्या तळापर्यंत. सहा महिन्यांत कुणाचा तरी भाडेकरार किंवा कुणाचं तरी वीजबिल तेवढ्याच जागेवर लिहिलं गेलं होतं. आडनावाची आणि जातीची ओळ त्या राखाडीत होती. जन्मतारखेची होती. दाखल्याच्या तारखेचीही.

रतननं ती फाइल बंद करून उघडली. पुन्हा बंद करून उघडली. अंधेरीच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, "वरचं आलं हेच नशीब. खालचं आता कुणाकडेच नाही." पुढच्या दोन दुपारी उरलेले साडेचार हजार फोटोही बघून झाले. न जाणो, दुसरी प्रत असेल. नव्हती.

बाराव्या दिवशी संध्याकाळी रतननं घरी संघमित्राला सगळं सांगितलं. तिनं बापाच्या फोनवर तो फोटो बघितला. बोटानं खाली सरकवला. पुन्हा सरकवला.

"पप्पा, खालचं कुठाय?"

"खालचं नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे नाहीये गं."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं रतन म्हणतो. तिनं फोन उपडा ठेवला आणि विचारलं, "तारखेच्या आत दुसरं काही होईल का?"  पडताळणीच्या कार्यालयात रतन तो अर्धा कागद, गावच्या सरपंचाचं पत्र आणि स्वतःचं शपथपत्र घेऊन गेला. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, जात दिसत नाही आणि साल दिसत नाही, तर मी यावरून काय लिहू?  लोकांना रतन रोज हेच सांगत आला होता, की अर्धवट कागद चालत नाही.

संघमित्रानं जुलैत मुलुंडच्या एका कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातलं. फॉर्म तिनं मोबाइलवरच भरला. सरकारी शोध अजून चालू आहे. सापडलं तर पुढच्या वर्षी बघू, असं घरात म्हणतात, पण मोठ्यानं कुणी म्हणत नाही. एकतीस हजार फोटोंचा तो ढीग रतनच्या कॉम्प्युटरवर अजून तसाच पडलाय. लोकांची कागदं आहेत, ठेवणं बरं नाही, हे त्याला पटतं. पण पुसायला गेला की हात थांबतो. लावून ठेवायला गेला तरी थांबतो. घर आणि दुकान हे दोन फोल्डर त्यानं काढून टाकले. आता सगळं बाहेर, पडद्यावरच सांडलेलं असतं. कुणी आधार मागितलं तर अर्धा तास लागतो. लोक कुरकुरतात. तो ऐकून घेतो.

संघमित्रा हे सगळं आम्हाला सांगून गेली. एका दुपारी कॉलेजातून येताना माझ्या बाकासमोर थांबली, सुगंधालाही समोरून हाक मारून बोलावलं आणि उभ्या उभ्या सांगितलं. आवाज चढवला नाही. सुगंधाचे हात पिठाचे होते. ती ते पुसायचं विसरली. मी पेपरची घडी घातली, उलगडली, परत घातली.

शटरामागची बाई म्हणजे शीतल, रतनची लग्नाची बायको. तो दाखला डोळ्यांनी बघितलेलं घरात रतनशिवाय तेवढंच माणूस होतं. बारा दिवस ती पवईच्या ऑफिसातून अर्धी रजा टाकून यायची. आई दुपारी दुकानात असते हे मुलीच्या कानावर जाऊ नये म्हणून तोंड बांधायची. दोघं एका स्टुलावर अर्धे अर्धे बसून फोटो बघायचे. दुसरं काही नव्हतं.